हुन्नर कोणाच्या हातात?

(रंगमंचावर आणि चित्रपटगृहांत तांत्रिक काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नावर, कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आज मला दिलेला विषय जरा आडवाटेचा आहे. नाटकाच्या रंगमंचामागे आणि सिनेमाच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये काम करणाऱ्यांना त्यांची युनियन जे तांत्रिक शिक्षण देते, ते कसं चालतं आणि बायकांच्या दृष्टीनं त्याचा अर्थ काय, यावर मी बोलणार आहे. तुमच्यापैकी काहींना वाटेल, हिंसा, रेशन, पाणी असे प्रश्न समोर उभे असताना हे मध्येच काय? पण काम शिकवणं कोणाच्या हातात आहे आणि कामाचं दार कोण उघडतं, हा प्रश्न प्रत्येक धंद्यात आहे. रंगमंचावर तो लख्ख दिसतो, एवढंच.

आपले मेळावेच डोळ्यांसमोर आणा. स्टेजवर बायका, भाषणं बायकांची, गाणी बायकांची. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' आलं. त्या आणि तशा नाटकांमुळे गावोगावच्या बायका पहिल्यांदा चारचौघांत उभ्या राहिल्या. तेव्हापासून आपण लिहायला, गायला, नाटक बसवायला शिकलो. पण माइक शिट्टी मारायला लागला की आजही आपल्या सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. तिथे माइकवाले भाऊ बसलेले असतात. मांडव बायकांचा, वीज मात्र भाऊंच्या ताब्यात!

नजरेनं चोरायचं शिक्षण

मी नाटकाच्या प्रकाशयोजनेचं काम करते. सुरुवात कपडेपटात केली. कपडेपटात बाई चालते. साडी, इस्त्री, बटण म्हणजे घरातलंच काम, ते थिएटरात नेलं एवढंच. दिव्यांचं काम शिकायचं आहे असं मी म्हटलं तेव्हा एका संस्थेत मला ज्यांच्या हाताखाली दिलं, त्यांनी तीन वर्षं केबल गुंडाळायलाच ठेवलं. त्यांचा भाचा माझ्यानंतर आला आणि सहा महिन्यांत डीमर बोर्डवर बसला. त्यांनी मला कधी वाईट शब्द बोलला नाही. 'ताई, तुम्हाला कशाला त्रास' असंच म्हणत.

यात त्या एका माणसाचा दोष काढून भागणार नाही. आपल्याकडे रंगमंचामागचं बहुतेक काम असंच शिकलं जातं. पुस्तक नाही, तास नाही, परीक्षा नाही. उस्तादाच्या मागे उभं राहायचं आणि नजरेनं चोरायचं. आणि खरं शिकणं होतं ते प्रयोग संपल्यावर. रात्री एक वाजता चहाच्या टपरीवर, दौऱ्याच्या गाडीत मागच्या बाकावर. कोणता सर्किट का उडाला, कोणत्या थिएटरात कुठला बार सैल आहे, पुढच्या महिन्यात कोण माणसं घेणार आहे, हे सगळं तिथे बोललं जातं. त्या टपरीवर आणि त्या बाकावर बाई नसते. म्हणजे तिला कोणी 'नाही' म्हणायचीही गरज पडत नाही. शाळाच अशा जागी भरते की तिनं तिथे असूच नये.

म्हणून मला इतर देशांत युनियनने हे शिक्षण आपल्या हातात कसं घेतलं ते समजून घ्यावंसं वाटलं. त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि सावध होण्यासारखंही.

अमेरिकेतली गोष्ट

अमेरिका आणि कॅनडात रंगमंच व चित्रपट कामगारांची एक जुनी आणि मोठी युनियन आहे. आयएटीएसई या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. १८९३ साली अकरा शहरांतल्या रंगमंच कामगारांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले आणि त्यांनी ती स्थापन केली. नंतर सिनेमा आला आणि प्रोजेक्टर चालवणारेही तिच्यात आले. आज तिचे दीड लाखाहून जास्त सभासद आहेत. शहराशहरांत आणि कामाकामाप्रमाणे तिच्या शाखा आहेत, त्यांना 'लोकल' म्हणतात.

प्रोजेक्टर चालवणं म्हणजे बटण दाबणं नव्हतं. सुरुवातीची फिल्म नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की विझत नसे, पाण्याखालीसुद्धा जळत राही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असे. प्रोजेक्टरची केबिन आगीला दाद न देणारी बांधतात, त्याचं मूळ या फिल्ममध्ये आहे. १९५०च्या सुमारास नायट्रेट मागे पडली आणि न भडकणारी फिल्म सगळीकडे आली. पुढे झेनॉनचे दिवे आले. त्यांच्या काचेत वायू एवढ्या दाबानं भरलेला असतो की थंड दिवासुद्धा हातातून पडला तर फुटून काचा उडतात. तो बदलताना तोंडावर संरक्षक मुखवटा आणि हातात मोजे घालावे लागतात. म्हणजे शिक्षण हा इथे जिवाचा प्रश्न होता आणि युनियनची ताकदही त्यावरच उभी होती: शिकलेला माणूस आमच्याकडूनच घ्या.

मग डिजिटल आलं. २०१०नंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेतली जवळजवळ सगळी चित्रपटगृहं फिल्म सोडून हार्ड डिस्कवर गेली. रीळ नाही, जोड नाही. आयुष्यभर केबिनमध्ये काढलेल्या माणसांचं हुन्नर पाहता पाहता निकामी झालं. आपल्याकडेही २००५नंतर उपग्रहावरून आणि डिस्कवरून सिनेमा यायला लागला आणि गावोगावचे ऑपरेटर असेच बाहेर पडले. त्यांच्यासाठी कोणी वर्ग काढल्याचं मी तरी ऐकलं नाही.

अमेरिकेतल्या युनियननं २०११ साली एक प्रशिक्षण न्यास उभा केला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पैसा कुठून येतो. मजुरीचा करार करतानाच मालकानं प्रशिक्षणासाठी किती द्यायचे हे करारात लिहून घेतलं जातं. न्यासावर युनियनचे आणि मालकांचे, दोघांचेही विश्वस्त असतात. म्हणजे शिक्षण ही कोणाची मेहेरबानी उरत नाही, ती मजुरीचाच भाग होते. या न्यासातर्फे सुरक्षिततेचा दहा तासांचा पायाभूत वर्ग असतो, विजेचे, वजनं टांगण्याचे वर्ग असतात, घरबसल्या संगणकावर शिकायची सोय असते. प्रोजेक्शनवाल्यांसाठी नवं काम उघडलं ते सभा-संमेलनांतले पडदे, मोठ्या कार्यक्रमांतले व्हिडिओ, ध्वनी-चित्र यंत्रणा यांचं. त्या क्षेत्रातल्या व्यावसायिक संस्थेबरोबर मिळून युनियननं तेही शिकवायला घेतलं.

दुसरी गोष्ट परीक्षेची. २००५पासून तिथे रंगमंचावर वजनं टांगणाऱ्यांसाठी आणि पुढे वीजतंत्रज्ञांसाठी प्रमाणपत्राची परीक्षा सुरू झाली. युनियन, मालक, यंत्रं बनवणारे, सगळे तिच्यात आहेत. युनियनचं सभासदत्व नसलं तरी ती देता येते, आणि प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. उस्तादाची मर्जी तिथे चालत नाही. बरोबर उत्तर लिहिलं की बरोबर.

पण मैत्रिणींनो, इथे एक मेख आहे. परीक्षेला बसायला आधी ठरावीक अनुभव लागतो. अनुभवासाठी काम लागतं. आणि काम मिळणं हे बहुतेक वेळा ओळखीवरच राहिलं. या युनियनच्या कितीतरी लोकलमध्ये पिढ्यान् पिढ्या बापामागून मुलगा, काकामागून पुतण्या असंच सभासदत्व चालत आलं. बायकांना जागा मिळाली ती प्रामुख्यानं कपडेपटात आणि केशरचनेत. कपडेपटाच्या लोकल वेगळ्या, रंगमंच कामगारांच्या वेगळ्या. माझा कपडेपटातला अनुभव मला तिथेही भेटला! आज त्या युनियनमध्ये महिला समिती आहे, बायका उंचावरच्या बारवरही काम करतात. पण वर्ग काढले म्हणून हे आपोआप झालं, असं समजू नका. कॅमेऱ्याच्या शाखांत शिरायला बायकांना १९७०च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. जेसी मेपल ही कृष्णवर्णीय बाई न्यूयॉर्कच्या कॅमेरा युनियनमध्ये झगडून शिरली, नंतर काम मिळेना म्हणून कोर्टात गेली, आणि आपला सगळा अनुभव तिनं १९७७ साली पुस्तकाच्या रूपानं छापला, मागून येणाऱ्या बायकांनी वापरावा म्हणून. हेही प्रशिक्षणच नाही का?

ब्रिटनमध्ये काय झालं

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधले पुरुष सैन्यात गेले. सिनेमागृहं तर चालू ठेवायची होती. मग बायकांना प्रोजेक्टर चालवायला शिकवलं गेलं. कालपर्यंत जे 'बाईला जमायचं नाही' ते काही आठवड्यांत जमू लागलं. युद्ध संपलं, पुरुष परत आले आणि यातल्या बहुतेक बायका केबिनमधून बाहेर पडल्या. हे त्यांना येत होतं की नाही असा प्रश्नच उरला नव्हता. येत असूनही जागा त्यांची नव्हती.

त्याच काळात फिल्मच्या प्रयोगशाळांत निगेटिव्ह कापण्या-जोडण्याच्या कामावर बायका बसत. कारण काय, तर त्यांचे हात नाजूक! तीच फिल्म केबिनमध्ये तुटली आणि तिथे जोडायची झाली, की तेच काम पुरुषाचं तांत्रिक काम होई. जोड एकच, कात्री एकच. मजुरी आणि मान मात्र जागेप्रमाणे बदलणार.

१९७५ साली तिथल्या चित्रपट-टेलिव्हिजन तंत्रज्ञांच्या एसीटीटी या युनियननं, आपल्या स्त्री-सभासदांच्या रेट्यामुळे, या धंद्यातल्या स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचा अहवाल काढला. त्यात मालकांबरोबर युनियनचीही झडती होती. समान वेतन कागदावर होतं, पण बायका ठरावीक कामांतच अडकवलेल्या होत्या, म्हणून ते कागदावरच राहिलं. एखाद्या युनियननं स्वतःच्या घराचा असा पंचनामा छापावा, ही मला मोठी गोष्ट वाटते. त्या काळी तिथे एक चक्र असे: कार्ड नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून कार्ड नाही. १९८५ साली युनियन आणि निर्मात्यांनी मिळून नवख्यांसाठी दोन वर्षांची उमेदवारी सुरू केली, तेव्हा हे चक्र फोडायला एक अधिकृत फट मिळाली. उमेदवारीत वेगवेगळ्या कामांवर पाठवत आणि शिकतानाच पैसे मिळत.

ताकदीचा मुद्दा

आता नेहमीचं वाक्य. 'पण बाईला एवढं वजन झेपणार का?'

मोठ्या थिएटरात पडदे आणि देखावे वर-खाली करतात ते समतोल वजनावर. बारवर दोनशे किलोचा देखावा असेल तर दोराच्या दुसऱ्या टोकाला दोनशे किलोची लोखंडी वजनं असतात. समतोल नीट साधला तर मध्यम ताकदीचं माणूस तो बार हलवू शकतं. समतोल चुकला तर चार पैलवान लावूनही तो आवरत नाही. इथे शरीरापेक्षा हिशेब महत्त्वाचा.

आणखी एक उदाहरण देते, कारण वर्गात हेच शिकवतात. शंभर किलोचं ओझं दोन दोरांनी टांगलं आहे. दोर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर पन्नास किलोचा ताण येतो. दोर फाकत गेले आणि त्यांच्यामधला कोन १२० अंशांचा झाला, की प्रत्येक दोरावर पूर्ण शंभर किलोचा ताण येतो. ओझं तेवढंच, ताण दुप्पट. हे ज्याला ठाऊक नाही तो कितीही दणकट असो, त्याच्या हाताखाली माणसं मरतात. तसंच विजेचं. एक हजार वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या आसपास वीज घेतो. पंधरा अँपिअरच्या प्लगवर असे तीन दिवे बसतात, चौथा लावला की तार तापते. सातवीची मुलगी हे गणित करते.

म्हणजे 'ताकद' हा शब्द पुढे करून शिक्षण मागे ठेवलं जातं. आणि शिक्षण नसल्याची किंमत पुरुष कामगारही मोजतात. उघड्या तारा, सैल दोर, झोपेविना तीन-तीन प्रयोग. आपली मागणी त्यांच्याविरुद्ध नाही, हे आपण त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

मुंबईतलं दार

आता घरची गोष्ट. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली झाला. त्याच्या फिल्मला छिद्रं पाडण्याचं आणि ती धुण्याचं काम सरस्वतीबाई फाळके यांनी केलं. म्हणजे आपल्या सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञांत एक मराठी बाई होती. पण तिचं काम 'पतीला साथ' या सदरात गेलं.

एक शतकानंतर काय स्थिती होती? मुंबईत चित्रपटातल्या रंगभूषा, केशभूषा आणि वेशभूषा कामगारांची जी संघटना होती, तिच्यात बाईला केशभूषाकार म्हणून कार्ड मिळे, मेकअप आर्टिस्ट म्हणून मिळत नसे. कारण त्यामुळे पुरुषांच्या पोटावर पाय येईल! परदेशात रीतसर शिकून आलेल्या चारू खुराना यांना असंच नाकारलं गेलं, काम केलं म्हणून दंडही मागितला. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयानं ही बंदी घटनाबाह्य ठरवली. समानतेचा, व्यवसायाचा आणि सन्मानानं जगण्याचा हक्क यात मोडतो, असं त्या निकालाचं सार आहे. महाराष्ट्रात पाच वर्षं राहिलेलं असण्याची अटही न्यायालयानं उडवली.

हा निकाल दोन गोष्टी शिकवतो. एक, प्रशिक्षण पुरेसं नसतं. या बाईकडे प्रशिक्षण होतं, दारच बंद होतं. दुसरं, युनियन आपली असते तशी आपल्या वाटेतही उभी राहू शकते. म्हणून युनियन नको, हा त्याचा अर्थ नाही. मालकापुढे एकटी बाई किती टिकते हे आपण सगळ्या जाणतो. युनियन हवी, आणि तिच्या कार्यकारिणीत, तिच्या शिक्षणाच्या समितीत आपण हव्यात.

मागण्या कोणत्या?

चर्चेसाठी माझ्या मनातल्या गोष्टी मांडते.

पहिली, अभ्यासक्रम लिहिलेला असावा आणि मराठीत असावा. दिवा, तार, दोर, आवाज, प्रोजेक्शन, प्रत्येकाचा. लिहिलेलं असलं की 'तुला काय येतं' हे उस्तादाच्या मर्जीवर राहत नाही.

दुसरी, प्रशिक्षणाचा पैसा मजुरीच्या बोलणीत मागावा. दर प्रयोगामागे, दर शिफ्टमागे निर्मात्यानं ठरावीक रक्कम द्यावी.

तिसरी, शिकलेल्यांची यादी आणि कामाची यादी जोडलेली असावी. काम पाळीनं मिळावं. नाहीतर प्रमाणपत्र भिंतीवर आणि बाई घरात.

चौथी, वर्ग कधी आणि कुठे भरतो याचा विचार व्हावा. रात्री अकराला भरणारा वर्ग हा बायकांसाठी नाही असं लिहिलेलाच वर्ग. मूल सांभाळायची सोय, परतीचं वाहन, आणि बाईच्या मापाचे मोजे, पट्टे, बूट. स्वच्छतागृह तर आधी. केरळच्या चित्रपटसृष्टीविषयीचा हेमा समितीचा अहवाल २०१९ साली सरकारला दिला गेला आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. सेटवर सोय नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, हे त्यात नोंदलेलं आहे. आपल्या किती थिएटरांत विंगेमागे बायकांसाठी चालू स्थितीतलं स्वच्छतागृह आहे, ते प्रत्येक गटानं आपापल्या गावात जाऊन पाहावं.

पाचवी, छळाविरुद्धचा २०१३चा कायदा. त्यात शिकाऊ उमेदवारही कर्मचारीच धरला आहे, आणि मालकानं पुरवलेलं वाहनही कामाचीच जागा धरली आहे. म्हणजे दिवे शिकायला आलेली मुलगी आणि दौऱ्याची गाडी, दोन्ही या कायद्यात येतात. दहापेक्षा कमी माणसांची नाटक कंपनी असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे रंगमंच कामगारांना, बायकांना आणि पुरुषांनाही, सांगायला आपण जायला हवं.

आणि शेवटची गोष्ट आपल्याच हातातली. आपल्या गटांत बायकांसाठी शिवणाचे, पापडाचे वर्ग निघतात. ते निघोत, त्यावर घरं चालतात. पण पुढच्या वेळी मेळाव्याचा माइक भाड्यानं आणाल, तेव्हा त्या भाऊंना दोन तास आधी बोलवा आणि आपल्यातल्या चार जणींना त्यांच्याकडून शिकायला बसवा. कोणती तार कुठे जाते, माइक शिट्टी का मारतो, फ्यूज कसा बदलायचा. त्या चौघींनी पुढच्या वेळी आणखी चौघींना शिकवायचं, आणि शिकवताना लिहून काढायचं. एवढ्यानं युनियनचा वर्ग उभा राहणार नाही. पण युनियनपुढे मागणी घेऊन जाताना, आमच्याकडे शिकलेल्या बायका आहेत, त्यांना काम द्या, असं आपण म्हणू शकू.

तुमच्या गावात कोणी बाई प्रोजेक्टर, दिवे किंवा साउंड चालवत असेल, तर चर्चेत तिच्याबद्दल जरूर सांगा. अशा बायका एकमेकींना ठाऊकही नसतात. त्यांची यादी आजच करायला घेऊ या.